मोटारीच्या पोटातली दवंडी

2015 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या हमरस्त्यावर एक जीप चेरोकी धावत होती. आत एक वार्ताहर. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक हे दोघे काही मैलांवर घरात बसून संगणकावर बोटे चालवीत होते. इकडे गाडीचा पंखा आपोआप सुरू झाला, रेडिओ ओरडू लागला आणि शेवटी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पळेना. प्रयोग ठरवून केलेला होता, म्हणून बरे! त्यानंतर कंपनीने 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

हे घडते कसे? आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, गिअर यांचे वेगवेगळे छोटे संगणक असतात. ते दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही ‘कॅन’ पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने 1986 साली पुढे आणली. तिचे चालणे दवंडीसारखे. निरोप सगळ्यांनी ऐकायचा, ज्याच्या कामाचा त्याने उचलायचा. निरोप कशाचा ते क्रमांकावरून कळते; धाडला कोणी, याचा पुरावा नसतो. दोन निरोप एकदम आले तर लहान क्रमांकाला आधी वाट. तेव्हा गाडीची तार गाडीतच संपत असे, त्यामुळे चोराची चिंता नव्हती. पुढे रेडिओला मोबाइलची जोडणी आली आणि कुंपणाला भगदाड पडले.

आता राखणीला यंत्र बसवू पाहतात. गुराखी जसा घंटांच्या आवाजावरून कळपात परके जनावर शिरले हे ओळखतो, तसे या यंत्राला आधी चांगल्या गाडीचे लाखो निरोप ऐकवतात. कोणता निरोप किती वेळाने येतो, त्यात आकडे कसे चढतात-उतरतात, हे ते स्वतःच शिकते.

दक्षिण कोरियातल्या कोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी खऱ्या गाडीच्या तारेवर मुद्दाम खोटे निरोप सोडून नोंदी केल्या. एकदा शून्य क्रमांकाचा निरोप दर 0.3 मिलिसेकंदाला ओतला. शून्याच्या पुढे कोण जाणार? असला दंगा यंत्राला चटकन उमगतो. अवघड तो चोर, जो वेळ पाळून बेताने खोटा आकडा घालतो. तिथे आकड्यांचा मेळ बघावा लागतो. गाडी गिअरमध्ये, वेग ताशी 60, आणि इंजिनाचे फेरे मात्र थांबल्यागत, हे कसे?

खोट्या हाकांचेही दुखणे आहेच. सेकंदाला 2,000 निरोप धरले आणि यंत्र लाखात एकदाच चुकले, तरी दर 50 सेकंदांनी उगाच ओरड! म्हणून त्याच्या हाती थेट ब्रेक देणे मला तरी पटत नाही. इशारा द्यावा, एवढे पुरे.

मोठ्या नव्या ट्रॅक्टरांचे आणि त्यांच्या अवजारांचे बोलणेही कॅनवरच चालते. त्याला आयसोबस म्हणतात. तेव्हा तपासणीच्या सॉकेटमध्ये कुणी डबी लावून ठेवणार असेल, तर ती मोबाइलवरून बाहेर बोलते का, हे आधी विचारून घ्यावे.