परदेशचा मासा आणि घरचा मासा

आमच्या किनाऱ्यावरील लोकांस मासळी हें नित्याचें अन्न आहे. परंतु मासळीबरोबर घरांत आणखी काय येतें, याचा विचार करण्याची संवय आम्हांस अद्यापि लागलेली नाहीं.

१९५० सालीं जपानांतील ओसाका येथें अर्धवट वाळविलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं २० दगावलीं. त्या प्रसंगीं फुजिनो या संशोधकानें जो जंतु शोधून काढला, तो आज व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या नांवानें ओळखला जातो. त्याचाच एक जोमदार वंश १९९६ सालीं कलकत्त्याच्या रुग्णांत बळावला व पुढें अनेक खंडांत आढळला. पटकीचा जंतु हा त्याचाच भाऊबंद होय. हे जंतु उबदार खाऱ्या पाण्यांत स्वभावतःच राहतात. त्यांत कोणाचा दोष नाहीं. दोष पुढें घडतो. उन्हांत पडलेल्या मासळींत ते थोड्या तासांत बेसुमार वाढतात. उलट बर्फाच्या थंडीनें त्यांची वाढ खुंटते. शिवाय जेथें गटाराचें पाणी खाडीस मिळतें, तेथें मैल्यांतील जंतूही कालवें व तिसऱ्या यांच्या पोटांत सांठतात.

"आम्ही मासा शिजवूनच खातों, मग भय कसलें?" असें कोणी म्हणतील. चांगल्या शिजविण्यानें जंतु मरतात हें खरें. पण ज्या विळीवर मासा कापला तिच्यावरच, ती न धुतां, कोशिंबिरीची काकडी चिरली तर काय? आणि बर्फाविना राहिलेल्या बांगड्यांत जंतूंमुळें हिस्टामिन नांवाचें जें द्रव्य तयार होतें, तें कितीही उकळलें तरी नष्ट होत नाहीं!

उपाय अशक्य आहे काय? १९९७ सालच्या ऑगस्टांत युरोपीय संघानें अस्वच्छतेच्या कारणावरून भारताच्या मत्स्यमालास आपलीं दारें बंद केलीं. तेव्हां कारखानदारांनीं पैसा खर्चून पाणी, बर्फ, फरशी व तपासणी यांची व्यवस्था सुधारली, आणि ज्यांची व्यवस्था पसंत ठरली त्यांचा व्यापार पुन्हा सुरू झाला. परक्याच्या ताटासाठीं जें साधतें, तें आपल्या मुलांच्या ताटासाठीं कां साधूं नये? समुद्र एक, मासा एक. मग नियम दोन कां?

याचा दोष कोळणीच्या माथीं मारणें हा अन्याय होय. जिला बसावयास ओटा नाहीं, नळाला पाणी नाहीं व स्वच्छ बर्फ परवडत नाहीं, तिनें स्वच्छता आणावी कोठून? बाजाराचा कर घेणाऱ्या नगरपालिकांनीं शुद्ध पाण्याचा बर्फ, धुतां येणारे ओटे आणि वाहतीं गटारें हीं प्रथम द्यावींत, व मैला शुद्ध केल्यावांचून समुद्रांत सोडूं नये. बर्फाच्या व्यापाऱ्यांनींही आपला बर्फ अन्नास लागतो, हें विसरूं नये. आणि गिऱ्हाइकानें भावाची घासाघीस करण्यापूर्वीं मासा बर्फावर आहे कीं नाहीं, एवढें तरी विचारावें. मागणारा जागा झाल्यावांचून देणारा जागा होत नसतो.