कचऱ्यावर बाँब

निसर्गाकडे चला, असं गोऱ्या हिप्पीनं म्हटलं की ते तत्त्वज्ञान. तो डोंगरात जाऊन बिनविजेचा राह्यला की त्याच्यावर पुस्तकं निघतात. काळ्यांनी हेच भर शहरात करून पाह्यलं तेव्हा काय झालं ते ऐका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १३ मे १९८५ ला पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून त्यांच्या राहत्या घरावर बाँब टाकला.

गटाचं नाव 'मूव्ह'. ब्लॅक पँथरवरनं इथं दलित पँथर उभी राह्यली ते साल १९७२. त्याच साली तिकडं जॉन आफ्रिकानं हा गट काढला. बहुतेक काळे. सगळ्यांचं आडनाव एकच, आफ्रिका. म्हणणं साधं : माणूस काय न् कुत्रा काय, जीव सारखाच. यंत्र, कारखाना, सरकार, तुरुंग ही एकाच 'सिस्टिम'ची पिलावळ, न् तीच हवा-पाणी-माती नासवते. म्हणून कच्चं खायचं, जटा वाढवायच्या, प्राणिसंग्रहालयासमोर निदर्शनं करायची, उष्टंखरकटं अंगणातच मातीला द्यायचं. १९७८ साली पोलिसांनी त्यांच्या आधीच्या घराला वेढा घातला. गोळीबारात एक पोलीस मेला, न् गटातल्या नऊ जणांना ३० ते १०० वर्षांच्या शिक्षा झाल्या.

उरलेले ऑसेज ॲव्हेन्यूवर आले. तिथले शेजारीही काळेच, कष्टानं घरं घेतलेले. त्यांना घाणीचा त्रास, उंदरांचा त्रास, वर रात्रंदिवस कर्ण्यावरनं शिव्या. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

आणि मूव्हचं एक आपल्याला कधीच पटणार नाही. शाळा 'सिस्टिम'ची, म्हणून पोरांना शाळेत घालायचं नाही! गुलामीत ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षर शिकणं हा गुन्हा होता, त्यांच्याच नातवंडांची पाटी निसर्गाच्या नावानं काढून घ्यायची? मग गोऱ्या मालकानं काय वेगळं केलं होतं? निसर्ग वाचवायचा तर तो वाचता येणाऱ्या पोरांनीच वाचवायचा.

पण म्हणून कचऱ्यावर उपाय बाँब?

त्या दिवशी पोलिसांनी दहा हजारांवर गोळ्या झाडल्या. मग बाँब. छत पेटलं, आणि साहेबलोकांनी आग जळू दिली. ११ माणसं मेली, त्यांतली पाच पोरं. शेजारची घरं धरून ६१ घरं खाक. म्हंजे ज्यांनी तक्रार केली त्यांचीही राख! आणि महापौर कोण? विल्सन गुड, त्या शहराचा पहिला काळा महापौर. खुर्चीत आपला माणूस बसला म्हंजे खुर्ची आपली होते, असं मानणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं.

१९८६ साली चौकशी आयोगानं ताशेरे मारले. एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. गेली ती जळत्या घरातनं जिवंत निघालेली रमोना आफ्रिका, सात वर्षं. शहरानं माफी मागितली ती २०२० साली. आणि २०२१ साली कळलं की त्या आगीतली हाडं विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवली होती, पोरांना शिकवायला वापरली होती.

आधी माणसाला घाण म्हणायचं, मग त्याला मारणं ही साफसफाई ठरते. ही युक्ती आपल्याला नवी नाही. म्हणून उद्या कुणी पर्यावरणाचा झेंडा घेऊन आला तर त्याला दोनच गोष्टी विचारा : तुझ्या हिरव्या जगात आमची पोरं शिकणार का? आणि तुझ्या स्वच्छ शहरात कचरा कुणाला म्हणतात?