गाणे सर्वांचे, मग नाव कुणाचे?

एखादे गाणे देशभर वाजू लागले की ‘हे आता सर्वांचे गाणे झाले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ऐकायला हे छान वाटते. पण गाणे लिहिणाऱ्याचे नाव घ्यायची वेळ येते तेव्हा ‘सर्वांचे’ हा शब्द कुणाच्या सोयीसाठी वापरला जातो, हा आमचा प्रश्न आहे. ‘एन्जॉय एन्जामी’ या तमिळ गाण्याचे झालेले स्वागत आणि त्यावरून उठलेला वाद पाहिला तर हा प्रश्न टाळता येत नाही.

हे गाणे आकाशातून पडलेले नाही. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड पहिल्यांदा मंचावर आला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी तो उभा केला. वस्त्यांमधले ‘गाना’ गायक, परै वाजवणारे, रॅपर आणि गिटारवाले एकाच मंचावर आले. बँडचे नाव पंडित अयोथीदास यांच्या ‘जातीविरहित तमिळ’ या विचारावरून घेतले आहे. हे तेच अयोथीदास, ज्यांनी १८९८ साली मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. कवी आणि रॅपर अरिवू याच बँडमधून पुढे आले.

मार्च २०२१ मध्ये ‘माज्जा’ या कंपनीने ‘एन्जॉय एन्जामी’ प्रसिद्ध केले. गायक अरिवू आणि धी, निर्मिती संगीतकार संतोष नारायणन यांची. सिनेमाचा कुठलाही आधार नसताना यूट्यूबवर ते ४० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. सिनेमाबाहेरच्या, म्हणजे ‘इंडी’ म्हटल्या जाणाऱ्या संगीतात आपल्या देशात असे यश क्वचितच दिसते.

आता गाण्याचा विषय पाहा. अरिवू यांच्या आजी वळ्ळियम्माल श्रीलंकेतल्या चहामळ्यात राबल्या. इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतले भूमिहीन, त्यांत मोठ्या संख्येने दलित, सिलोनच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्या घामावर मळे उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वच नाकारले. पुढे १९६४ च्या सिरिमावो–शास्त्री करारात ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यायचे आणि ३ लाख सिलोनने ठेवायचे, असे ठरले. पोती वाटून घ्यावीत तशी माणसे वाटली गेली. बाग फुलवणाऱ्याच्या वाट्याला त्या बागेतले काहीच येत नाही, ही वेदना या गाण्याच्या मुळाशी आहे. ‘एन्जामी’ म्हणजे साधारण ‘माझ्या स्वामी’. राबणारा माणूस जमीनदाराला अशी हाक मारत असे. गाण्यात तीच हाक लेकराला मारली जाते. मालकाचा मान नातवाला देण्याचा हा विद्रोह आहे.

देश या ठेक्यावर नाचला. नाचण्याला आमची हरकत नाही. पण पुढे काय झाले?

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने याच गाण्याच्या आणि ‘नीये ओळी’ या दुसऱ्या गाण्याच्या यशाबद्दल मुखपृष्ठ काढले. त्यावर धी आणि रॅपर शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले. दोन्ही गाण्यांचे शब्द ज्यांचे, ते अरिवू मात्र नव्हते. पा. रंजित यांनी जाहीरपणे सवाल केला, टीकेचा भडिमार झाला, तेव्हा मासिकाने अरिवू यांचे मुखपृष्ठ काढले. म्हणजे गाण्यासाठी शब्द पुरेसे होते, पण मुखपृष्ठासाठी आंदोलन लागले.

२८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसमोर हे गाणे सादर झाले. धी यांच्यासोबत लोकगायिका किडाकुळी मारियम्माल गायल्या. अरिवू नव्हते. त्यानंतर त्यांनी समाजमाध्यमावर लिहिले की शब्द आणि चाल आपली आहे, त्यासाठी आपण कित्येक महिने झिजलो आहोत. पोस्टच्या शेवटी ‘जय भीम’ होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संतोष नारायणन यांनी खुलासा केला की अरिवू तेव्हा अमेरिकेत होते, संगीतरचना आपली आहे, कल्पना धी यांची होती आणि हक्क व उत्पन्न तिघांत समान आहे. धी यांनीही आपण अरिवू यांचे श्रेय कधी नाकारले नसल्याचे सांगितले. त्या दोघांच्या मेहनतीबद्दल आमच्या मनात शंका नाही. चाल कुणी किती बांधली याचा निवाडा करायलाही आम्ही बसलेलो नाही. धी यांना शिवीगाळ करणाऱ्यांशी तर आमचे काही देणेघेणे नाही. दोन कलाकारांना झुंजवून व्यवस्था मोकळी सुटते. मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनीच सांगितले की या गाण्याचा एक रुपयाही तिघांपैकी कुणाला मिळालेला नाही. हे खरे असेल तर समान वाटा कशाचा? शून्याचा!

पण पैसा कुणालाच मिळाला नाही, म्हणून नावाचा प्रश्न मिटत नाही. काही जण म्हणतात, “हे तर लोकगीताच्या वळणाचे, ओप्पारीसारख्या विलापाच्या परंपरेतले, त्यावर एकट्याचा हक्क कसा?” आम्ही उलट विचारतो, शास्त्रीय गायक परंपरेतली बंदिश गातो तेव्हा त्याचे घराणे, गुरू, नाव सगळे आदराने सांगितले जाते ना? तिथे परंपरा माणसाला मोठे करते. दलित कलावंत आजीच्या विलापातून गाणे घडवतो तेव्हा मात्र तीच परंपरा त्याचे नाव पुसायला वापरली जाते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवलाची विषमता म्हणतात. साध्या भाषेत, पेरणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

कायदाही या बाबतीत मुका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकले तरी लेखकाचा ‘हे माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार शाबूत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले. पण करारावर सही करताना वस्तीतल्या पोराच्या बाजूने वकील बसलेला नसतो.

हा प्रश्न फक्त तमिळनाडूचा नाही. वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्रात गावोगावी वाजतात, पण ऐकणाऱ्या नव्या पिढीतल्या किती जणांना ती कुणी लिहिली हे सांगितले जाते? म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जयंतीच्या मंचावर गाणे सुरू होण्यापूर्वी गीतकाराचे नाव माइकवरून घेतले जावे. व्हिडिओ टाकताना ते पहिल्या ओळीत लिहावे. वस्तीतल्या नव्या रॅपरला टाळ्यांइतकीच करार वाचून देणाऱ्या माणसाची गरज आहे. आपल्यातल्या वकिलांनी ते काम अंगावर घ्यावे.

गाणे सर्वांचे होवो, त्याचा आनंदच आहे. पण ते सर्वांचे होण्यासाठी लिहिणाऱ्याला बेनाम व्हावे लागत असेल, तर त्याला वाटून घेणे म्हणत नाहीत, हिसकावणे म्हणतात.

जय भीम!