सोऱ्या जुना, मोटार जुनी

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी चकल्यांचे पीठ मळून तयार होते, तोच आमच्या आचोळ्याच्या इमारतीतला एक तरुण टर्नर पिशवी सांभाळीत आत आला. "काका, पेटंट घ्यायचे म्हणतो. साठवलेले सगळे पैसे घालतोय." पिशवीतून निघाला सोऱ्या, त्याच्या दांड्याला स्क्रू पिळायची विजेची मोटार जोडलेली!

आमच्या सौ. म्हणाल्या, "अरे, सोऱ्या माझ्या सासूबाईंचा, मोटार सुताराची. यात तुझे काय?"

पोरगा ओशाळला. पण वाचकहो, काकूंनी विचारले तेच कोर्टही विचारते. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे १९५१ पासूनचे एक पेटंट होते. लेथवर भांडे फिरताना ते निसटू नये म्हणून समोरून दाब देणारा दांडा बसवायचा, ही त्यातली युक्ती. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली ते रद्द ठरवले. असा दांडा लेथला पूर्वीपासून माहीत होता. ही कारखान्यातली साधी सुधारणा, शोध नव्हे. माहीत असलेली उपकरणे नुसती एकत्र मांडली नि प्रत्येक आपले जुनेच काम करीत राहिले, तर तो शोध नाही, असे १९७० चा कायदाही सांगतो.

मग जुन्या भागांतून नवे काही होतच नाही का? होते, पण ओळखणे कठीण. पुण्याच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवले. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग होंडाच्या जुन्या पेटंटात होतेच. बजाज म्हणे, एवढ्या लहान इंजिनात नव्हते. मद्रास हायकोर्टाने २००८ साली टीव्हीएसला मनाई केली, २००९ साली त्याच कोर्टाने ती उठवली. शेवटी २०१९ साली दोघांनी आपसांत मिटवले.

कोडे सुटल्यावर सोपेच दिसते. म्हणून प्रश्न असा करायचा: उत्तर न पाहता, त्या वेळच्या कसबी कारागिराला हे सहज सुचले असते का?

मी पोराला विचारले, "जोडल्यावर असे काय होते, जे सुटे असताना होत नव्हते?"

तो थोडा थांबला. "पीठ घट्ट लागले की मोटार आपणहून मंदावते. चकली तुटत नाही."

"तुझ्या गाळ्यातल्या दुसऱ्या टर्नरला हे सुचले असते?"

"सांगता येत नाही, काका."

"मग आधी जाणत्या माणसाला तेच विचार; पैसे मागाहून घाल. नि अर्जाआधी चारचौघांत दाखवू नकोस, नवेपणा जातो."

सौ.नी पिठाचा गोळा पुढे केला. चकली सलग उतरली. त्या काही बोलल्या नाहीत; दुसरा गोळा भरला.