डीप पर्पल हे नाव कोणाचं?

रॉक ऐकणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३ मध्ये कायमचा निघून गेल्यावर जे उरलं, त्याला डीप पर्पल म्हणायचं का? जुने श्रोते ठणकावून 'नाही' म्हणतात. गिलन गाणार, ग्लोव्हर बेस वाजवणार, ब्लॅकमोर गिटारवर असणार, तेच खरं, ओरिजिनल डीप पर्पल. मला हे अजिबात पटत नाही. कारण ते ओरिजिनल नव्हतंच.

१९६८ मध्ये इंग्लंडमधल्या हर्टफर्डला हा बँड उभा राहिला तेव्हा गायक होता रॉड इव्हान्स आणि बेसवर निक सिंपर. सोबत ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयन पेस. इव्हान्सनं गायलेलं 'हश' त्याच वर्षी अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढच्या वर्षी इव्हान्स आणि सिंपर बाहेर. तेही कसे? इकडे या दोघांना घेऊन कार्यक्रम चालूच होते आणि तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर यांच्यासोबत गुपचूप तालमी. याला आपल्याकडे पाठीत खंजीर खुपसणं म्हणतात.

आता अडचण अशी की, या दगाबाजीतून जे निघालं ते अफाट होतं. 'इन रॉक', 'मशीन हेड', 'मेड इन जपान'. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथला कॅसिनो आगीत खाक झाला. त्या धुरावरचं 'स्मोक ऑन द वॉटर' आज गिटार शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं. म्हणजे ज्यांना आपण 'खरे' म्हणतो, ते दुसऱ्याच्या जागी आणलेले होते.

१९७३ मध्ये गिलन गेला, ग्लोव्हरला जायला लावलं. कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल गायक झाला, ग्लेन ह्यूज बेसवर आला. १९७५ मध्ये ब्लॅकमोरच बाहेर पडला, त्याच्या जागी अमेरिकन टॉमी बोलिन आला आणि १९७६ मध्ये सगळंच संपलं.

१९८० मध्ये रॉड इव्हान्स 'डीप पर्पल' या नावानं अमेरिकेत फिरू लागला. सोबत बँडशी काही संबंध नसलेले वादक. लोक 'स्मोक ऑन द वॉटर'वाल्यांना ऐकायला तिकिटं काढत होते. खटला झाला, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई त्याच्याविरुद्ध ठरली. प्रेक्षकांची फसवणूक झाली होती, तेव्हा निकाल योग्यच. पण पहिल्या तीन अल्बमच्या रॉयल्टीवरही त्याला पाणी सोडावं लागलं, ते मला खटकतं. ते गाणं त्यानं स्वतःच्या गळ्यातून काढलं होतं. तो मोबदला होता, मेहेरबानी नव्हे.

तमाशाच्या फडात ढोलकीवाला बदलला तरी नाव फडमालकाचं राहतं. पर्पलमध्ये फड कुणा एकाच्या नावावर नव्हता. म्हणून माझ्या मते हक्क त्याचा, जो राबून ते नाव चालतं ठेवतो. १९८४ मध्ये गिलन-ब्लॅकमोरची जोडी परत जमली, पुन्हा फुटली. ब्लॅकमोरनंतर आलेला स्टीव्ह मोर्स १९९५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात याच नावाखाली वाजवून गेला. पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये त्यानं बँड सोडला, तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली होती. ब्लॅकमोरची सगळी वर्षं जोडली तरी इतकी भरत नाहीत. जॉन लॉर्डच्या जागी २००२ मध्ये आलेला डॉन एअरी तर अजून आहे. पहिल्या पाचांतला आज एकटा पेस उरलाय.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं बँडचा सन्मान केला तेव्हा यादीत मोर्स नव्हता, एअरी नव्हता. पहिल्या पाचांतल्या चौघांना घेतलं आणि निक सिंपरला तेवढं वगळलं. रॉड इव्हान्सचं नाव मात्र होतं. तो सोहळ्याला आला नाही.