हळदीचा खटला जिंकला, जखमेचा प्रश्न राहिला

२४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार मंजूर केला. वनस्पतीच्या गुणावर किंवा तिच्याविषयीच्या पारंपरिक माहितीवर आधारलेल्या शोधासाठी पेटंट मागणाऱ्याने ती वनस्पती मूळ कोणत्या देशातली आणि माहिती कोणत्या समाजाकडून आली, हे अर्जातच सांगायचे, असा त्याचा गाभा आहे. हा विषय निघाला की आपल्याकडे हळदीची गोष्ट सांगितली जाते. सांगितली जावीच, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेल्या अर्ध्याचा परिणाम आम्हाला ड्रेसिंगच्या टेबलावर दिसतो.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. विशेष म्हणजे ज्यांच्या संशोधनावर ते मिळाले ते दोघेही भारतीय वंशाचे होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील सर्व दावे फेटाळले गेले. या अनुभवातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

आता उरलेला अर्धा भाग. त्या फेरतपासणीत प्रश्न एकच होता: ही माहिती नवी आहे का? उत्तर आले, नाही, ती आधीपासून ठाऊक आहे. हळदीने जखम खरोखर लवकर भरते का, किती लवकर, कोणत्या जखमेत, किती मात्रेने, हे तिथे कोणी विचारलेच नव्हते. तरीही ‘हळदीने जखम भरते हे अमेरिकेनेही मान्य केले’ असे वाक्य आजही ऐकू येते. मालकीचा निकाल आपण गुणाचा निकाल म्हणून वाचला.

गुणाचा निकाल कसा लागतो, याचे अलीकडचे उदाहरण बर्चचे आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जवृक्षाचे हे युरोपातले भाऊबंद. त्यांच्या सालीत बेट्युलिन आणि त्याच्या जातीची इतर संयुगे असतात. तो अर्क सूर्यफुलाच्या तेलात मिसळून एक जेल तयार झाले. एपिडर्मोलायसिस बुलोसा नावाच्या जन्मजात आजारात नुसत्या घासण्यानेही कातडी सोलवटते. अशा २२३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना बर्चचे जेल आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण बर्च नसलेले जेल दिले. कोणाला कोणते, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नव्हते. ४५ दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण भरण्याचे प्रमाण बर्चच्या गटात ४१.३ टक्के आणि दुसऱ्या गटात २८.९ टक्के निघाले. चमत्कार नव्हे, पण फरक खरा. २०२२ मध्ये युरोपने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने ‘फिल्सुवेझ’ या नावाने त्याला मान्यता दिली. दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. औषध नसलेल्या जेलनेही शंभरातल्या जवळपास २९ जणांची जखम भरली. जखम बहुतेकदा आपणहून भरते. श्रेय त्या वेळी तिच्यावर जे लावलेले असते त्याला जाते.

मग हळदीचे असे का झाले नाही? एक अडचण रसायनातच आहे. साध्या हळदपुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि रक्ताइतक्या आम्लतेच्या द्रावणात लवकर मोडते. शिवाय ते स्वतः चमकते आणि अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत गुण नसतानाही गुण दिसल्याचा भास होतो. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीतील एका आढाव्याने हा इशारा स्पष्ट शब्दांत दिला होता.

दुसरी अडचण उंदराची. ‘अमुक पाल्याने जखम भरते, संशोधन सांगते’ अशी बातमी आली की ते संशोधन बहुधा उंदरावरचे असते. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकसतो आणि पिशवीची नाडी ओढावी तशा कडा जवळ येतात. माणसात बरेचसे काम नव्या कातडीने कडेकडून सरकत येऊन करायचे असते. त्यातून प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट. आमच्याकडे येणारा माणूस साठीचा, वीस वर्षांच्या मधुमेहाचा आणि तळपायाला संवेदना नसलेला.

फोंडाघाटाच्या पट्ट्यात कोयता लागला की पहिल्यांदा हात जातो तो दगडी पाल्याकडे, कोणी त्याला कंबरमोडी म्हणतात. पाला चुरडून रस पिळला की रक्त थांबते, असा सगळ्यांचा अनुभव. (दाबून धरल्यानेही ते थांबते.) गंमत अशी की हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. जिनिव्हाच्या करारानुसार त्याचे मूळ सांगायचे झाले तर आपले नाव कुठे लिहायचे, हा प्रश्नच आहे. भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल लावतात. ते तेल म्हणून उत्तम, भेगा मऊ ठेवते. बिब्बा मात्र उघड्या कातडीला नकोच. काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजतात, त्याच कुळातला हा. त्याच्या फोडांची जखम मूळ जखमेपेक्षा मोठी झालेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

स्वयंपाकघरातली हळदपूड निर्जंतुक नसते. ती रंगीत करण्यासाठी कधी शिसेयुक्त लेड क्रोमेट घातलेले असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पाटणा आणि गुवाहाटीच्या नमुन्यांत शिसे बरेच जास्त सापडले. तरी माझी खरी तक्रार शिशाची नाही, दिवसांची आहे. लावणीच्या चिखलात पायाला लागते, वर हळद बसते, खालचा पू पिवळ्या थराखाली दिसत नाही आणि चार-पाच दिवस जातात. मधुमेहाच्या पायात तेवढ्यात बोट जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोचे जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून शिरतात. वाहत्या पाण्याने व साबणाने धुणे, स्वच्छ कापड आणि त्याच दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन. ताप आला तर लगेच तपासणी. एवढे सांभाळले तर पाला लावला की नाही, यावर मी वाद घालत नाही.

पेटंट रद्द होण्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जे सर्वांचे आहे त्यावर कोणाचा एकाधिकार नाही, म्हणून कोणती कंपनी त्याच्या मोठ्या चाचणीवर पैसे घालणार? बर्चच्या जेलमागे कंपनी उभी राहिली, कारण दुर्मिळ आजाराच्या औषधाला अमेरिकेत सात वर्षे विक्रीचे संरक्षण मिळते. आपल्याकडे उलट, ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यासाठी परिणामकारकतेची नवी चाचणी लागतच नाही. तेव्हा हळद असो वा दगडी पाला, तपासायचे तर ते सार्वजनिक पैशातून आणि सरकारी दवाखान्यांतच व्हायला हवे. जखमांचा तिथे तुटवडा नाही.

सुरुवात भिरंडेलापासून करावी, असे मी सुचवेन. नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घ्यायची. प्रत्येकाला टाचा दोन. चिठ्ठी टाकून एकीला भिरंडेल लावायचे, दुसरीला साधे व्हॅसलीन, आणि फोटो तपासणाऱ्याला कोणत्या टाचेला काय लावले हे कळू द्यायचे नाही. खर्च तेलाचा, व्हॅसलीनच्या डब्यांचा आणि पंधरा दिवसांनी एकदा फोटो काढण्याचा.