कोंड्याचा मांडा

घोटीच्या गिरण्यांत भात भरडला की तांदूळ एकीकडे आणि कोंडा दुसरीकडे पडतो. कोंडा निरुपयोगी नव्हे, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. पेशीतील आनुवंशिक मजकुराबाबत मात्र हे उमगायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. ज्या भागांपासून प्रथिने बनत नाहीत, त्यांना ते पुष्कळ वर्षे अडगळ समजत होते.

पाव फुगवणाऱ्या यीस्टने हा समज दूर करण्यास हातभार लावला. या एकपेशीय बुरशीचा संपूर्ण मजकूर १९९६ मध्ये वाचून झाला. त्यात सुमारे सहा हजार जनुके आढळली. कोणता भाग केव्हा वाचायचा, हे नियामक प्रथिने ठरवतात. ‘झॅप-१’ हे त्यांपैकी एक. पेशीत जस्त, म्हणजे झिंक, कमी पडले की ते कामाला लागते. अल्कोहोल बनवणारे एक विकर यीस्टमध्ये विपुल असते आणि त्याला जस्त लागते. झॅप-१ त्या विकराच्या जनुकाआधीचा, प्रथिन न देणारा भाग वाचायला लावते. हे वाचन जनुकाच्या प्रारंभस्थानावरून पुढे सरकते, तेथील चालक प्रथिनांना हटवते आणि जनुक थंडावते. त्यामुळे जस्त अधिक निकडीच्या कामांसाठी शिल्लक राहते. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते हेच!

माणसाचे शरीर यीस्टहून फार गुंतागुंतीचे आहे; म्हणून या शोधावरून औषध ठरवू नये. जस्ताच्या कमतरतेने चव मंदावते, जखमा उशिरा भरतात, हे खरे. परंतु कोविडकाळात सुरू केलेली झिंकची गोळी घरात अजून चालू असेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारा. दीर्घकाळ अतिरिक्त जस्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते. त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, हातापायांना बधिरता येऊ शकते. काही प्रतिजैविकांचे शोषणही या गोळीमुळे कमी होते.

ज्येष्ठांच्या ताटात मोड आलेली कडधान्ये, आंबवलेले धिरडे, दूध-दही असू द्या. मोड आणल्याने व आंबवल्याने धान्यातील जस्त शरीराला अधिक मिळते. शुश्रूषा करणाऱ्यांनी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी लिहून ठेवावी आणि पुढच्या तपासणीला सोबत न्यावी. काटकसर औषधांतही शोभते.